रणगाड्याचं नाव, विमानांचा धंदा

(पडद्यावर : अंबाला, 29 जुलै 2020. पहिली पाच राफेल एकामागून एक धावपट्टीवर टेकतात.)

आठवतोय हा दिवस? टीव्हीवर सकाळपासून दुसरं काही नव्हतंच. विमानाचं नाव सगळ्यांना पाठ झालं, पण कंपनीचं नाव काही एका सुरात निघेना. कुणी दसॉ, कुणी डसॉल्ट.

आपण दसॉ म्हणू. या नावाची एक गंमत आहे. हे पिढीजात आडनाव नव्हे. फ्रेंचमध्ये रणगाड्याला म्हणतात ‘शार दासो’. त्याचं शेपूट तोडून घेतलं आणि विमानांच्या कारखान्यावर पाटी लावली. असं का केलं, ते ओघात येईलच.

कंपनी काढणाऱ्या माणसाचं मूळ नाव मार्सेल ब्लोक. जन्म 22 जानेवारी 1892, पॅरिस. वडील डॉक्टर, घराणं ज्यू. चार भावांत हा शेंडेफळ.

(पडद्यावर : जुनं छायाचित्र. आयफेल टॉवर, त्याच्या वर एक दुपंखी विमान.)

18 ऑक्टोबर 1909. काउंट द लांबेर नावाच्या वैमानिकाने पॅरिसबाहेरच्या ज्युव्हिसीहून राइट बंधूंच्या बनावटीचं विमान उडवलं आणि कुणाला फारसं न सांगता थेट शहरावर आणलं. आयफेल टॉवरला वळसा घातला आणि आल्या वाटेने परत गेला. सगळा प्रकार साधारण 50 मिनिटांचा. खाली रस्त्यावर घोडागाड्या थबकलेल्या, लोक माना वर करून बघताहेत. त्या बघणाऱ्यांत, शाळेच्या अंगणात उभा असलेला सतरा वर्षांचा मार्सेलही होता. विमान त्याने पहिल्यांदाच पाहिलं. म्हातारपणी आठवणी लिहिल्या तेव्हाही ते दृश्य त्याने विसरलं नव्हतं.

वेड लागलेली पोरं त्या काळी गल्लोगल्ली होती. मार्सेलचं नशीब असं, की विमानाचं इंजिनिअरिंग शिकवणारी शाळा पॅरिसमध्ये त्याच वर्षी निघाली होती. 1913 मध्ये तो तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. त्याच सुमाराला तिथे शिकणारा एक रशियन विद्यार्थी म्हणजे मिखाईल गुरेविच. ‘मिग’ या नावातला ‘ग’ तो हाच! आपल्या हवाई दलाने पुढे मिगही उडवली आणि मार्सेलच्या कंपनीची मिराजही. दोन्हींची मुळं अशी एका शाळेत सापडतात.

1914 साली महायुद्ध पेटलं. मार्सेलला लष्कराच्या विमान संशोधन केंद्रात घेतलं. कोद्रों जी-3 हे टेहळणीचं विमान वेगवेगळ्या कारखान्यांत बनत होतं, त्यांच्या नकाशांचा मेळ घालायचं काम याच्याकडे. हे करता करता त्याचं लक्ष पंख्यावर गेलं. विमानाच्या नाकावर फिरतो तो लाकडी पंखा, प्रॉपेलर. याहून चांगला करता येईल, असं त्याला वाटलं.

(पडद्यावर : सुतारशाळा. सरसाचं भांडं, फळ्या, भुशाचा ढीग.)

इथे जरा थांबू, कारण हा पंखा सोपा नाही. तो एकाच ओंडक्यातून कोरत नाहीत. अक्रोड, महोगनी अशा टणक लाकडाच्या फळ्या सरसाने एकावर एक चिकटवतात. त्यासुद्धा सरळ नाही, हातातले पत्ते पसरावेत तशा जरा जरा सरकवून. मग घट्ट आवळून वाळू द्यायचं. फळ्या वेगवेगळ्या असल्या की एकीला गेलेली चीर दुसरीत सहजी शिरत नाही. वाळल्यावर पटाशी, रंधा, कानस. पातं मध्याजवळ चांगलं तिरपं हवं आणि टोकाकडे जाता जाता सपाट होत गेलेलं. का? तर मधला भाग त्यामानाने सावकाश फिरतो आणि टोक मात्र पळतं. अडीच मीटर लांबीचा पंखा मिनिटाला 1400 फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे जातो. विमान स्वतः ताशी शे-सव्वाशेने चाललेलं असताना! दोन्ही पाती तंतोतंत सारखी नसली तर थरथर सुटून इंजिन खिळखिळं होतं. म्हणून शेवटी पंखा आसावर टांगून तोल बघायचा. एक बाजू खाली गेली, की वर राहिलेल्या बाजूला वार्निशचा आणखी एक हात. इतका बारीक हिशेब.

मार्सेलने आकार कागदावर काढला. पण रंधा कोण मारणार? पॅरिसच्या फोबूर सां-आंत्वान भागात पूर्वापार फर्निचरवाल्यांची वस्ती. तिथल्या हिर्श मिंकेस नावाच्या कारखानदाराकडे काम सुरू झालं. शाळेतला मित्र हान्री पोतेझ बरोबर होताच. पंख्याचं नाव ठेवलं ‘एक्लेर’. आपल्याकडे या नावाची टॉफी मिळते, पण मूळ अर्थ वीज. 1916 पासून हा पंखा लढाऊ विमानांवर चढू लागला. फ्रान्सचा लाडका वैमानिक जॉर्ज गीनमेर, त्याच्या स्पॅड विमानावरही हाच होता. आणि त्या मिंकेस यांची मुलगी मादलेन, 1919 मध्ये मार्सेलची बायको झाली.

पंख्याच्या पैशातून दोघा मित्रांनी विमानाला हात घातला. दोन आसनी लढाऊ विमान, एसईए-4. सरकारने एक हजार विमानांची मागणी नोंदवली. पंचविशीतल्या पोरांना याहून काय हवं? पण विमान कारखान्यातून बाहेर पडायला आणि नोव्हेंबर 1918 चा युद्धविराम व्हायला एकच गाठ पडली. शंभरावर विमानं झाली, बाकीची मागणी रद्द. जग शांततेचा आनंद करत होतं, आणि यांच्याकडे न खपणारा माल.

पोतेझ विमानांतच राहिला. मार्सेल मात्र उठला आणि सासऱ्याच्या धंद्यात गेला. खुर्च्या, कपाटं, पुढे घरं बांधून विकणं. जवळजवळ दहा वर्षं विमानाचं नाव नाही. चरित्रं लिहिणारे ही दहा वर्षं दोन ओळींत उरकतात. मला तीच महत्त्वाची वाटतात. गिऱ्हाईक कसं बोलतं, पैसा कुठे अडकतो, कामगाराला किती दिवस बसवून ठेवणं परवडतं, हे विमानाच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

1928 मध्ये फ्रान्सने स्वतंत्र हवाई मंत्रालय काढलं. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा बाजारात आलं. मार्सेलने माणसं गोळा केली आणि 1930 पासून टपालाचं विमान, रुग्णवाहू विमान, बॉम्बफेकी, प्रवासी, असं एकेक सुरू केलं. कारखाने वाढले. मग 1936 मध्ये डाव्या आघाडीचं सरकार आलं आणि लष्करी विमानांचे कारखाने सरकारजमा झाले. मार्सेलचेही गेले. त्याने काय करावं? नुकसानभरपाई घेतली, त्याच सरकारी कारखान्यांचं व्यवस्थापन अंगावर घेतलं, आणि आरेखनाची कचेरी मात्र स्वतःची ठेवली. भिंती सरकारच्या, नकाशे ब्लोकचे. वाणी पक्का!

(पडद्यावर : काळा पडदा. नुसता आवाज.)

1940 मध्ये फ्रान्स पडला. जर्मनांसाठी विमानं बनवायला मार्सेलने नकार दिला. आधी फ्रान्समधल्याच जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारची नजरकैद आणि 1944 मध्ये गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस. ऑगस्टमध्ये त्याला जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत आणून टाकलं. वय 52, अंगात काही उरलेलं नाही. तिथे त्याला सांभाळलं ते मार्सेल पॉल या कम्युनिस्ट कैद्याने आणि त्याच्या साथीदारांनी. कारखानदाराला कम्युनिस्टांनी जगवलं. हे तो कधी विसरला नाही. पुढे कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्राला त्याने पैसेही दिले, आणि स्वतः बसायचा उजव्या बाकांवर.

11 एप्रिल 1945 ला छावणी सुटली. घटसर्पाने पाय लुळे पडलेले, चालता येत नव्हतं. पुढे आयुष्यभर त्यांना थंडी वाजत राहिली. नंतरचा कुठलाही फोटो काढा, उन्हातसुद्धा जाड ओव्हरकोट आणि गळ्याला मफलर. पाकिटात चार पानांचं एक वाळकं क्लोव्हर, कुरणात उगवणारी, एरवी तीन पानांची वनस्पती; चार पानांची सापडली तर शुभ मानतात. ते छावणीतही त्यांच्यापाशी होतं म्हणतात. कंपनीचं बोधचिन्ह आजही तेच आहे.

आणि ते नाव. थोरले भाऊ दारियूस पॉल ब्लोक लष्करात जनरल होते. जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात त्यांचं टोपणनाव होतं ‘शार्दासो’, रणगाडा. युद्ध संपल्यावर धाकट्या भावाने तेच घेतलं, थोडं छाटून. 1949 पासून कागदोपत्री मार्सेल दसॉ.

(पडद्यावर : ऊरागां विमानाची कृष्णधवल चित्रफीत.)

त्याच वर्षी, 28 फेब्रुवारी 1949 ला ‘ऊरागां’ उडालं. ऊरागां म्हणजे चक्रीवादळ. फ्रान्सचं स्वतःचं, मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. आणि परदेशातून पहिलं गिऱ्हाईक कोण आलं? भारत. जून 1953 मध्ये 71 विमानांचा करार झाला. आपल्या हवाई दलाने नावाचं सरळ भाषांतर केलं, ‘तूफानी’.

दसॉंची काम करायची रीत मला फार आवडते. सगळं एका दमात नवं करायचं नाही. ऊरागांचंच धड घेतलं, पंख मागे वळवले, झालं ‘मिस्तेर’. त्यात सुधारणा करत करत ‘सुपर मिस्तेर’. मग त्रिकोणी पंखांचं ‘मिराज’, ज्याने 24 ऑक्टोबर 1958 ला आवाजाच्या दुप्पट वेग गाठला. सुगरण जशी रोजच्याच आमटीत हळूहळू हात बसवते, तशातली गोष्ट. इंजिनिअर थोडे, बैठका कमी, नमुना लवकर उडवून बघायचा. देखणं विमान चांगलंच उडतं, असं ते म्हणत. कोरीव लाकडावर नजर तयार झालेला माणूस दुसरं काय म्हणणार?

मिस्तेरही आपण घेतली. 7 सप्टेंबर 1965 ला सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला करून परतताना स्क्वाड्रन लीडर अज्जमदा देवय्या यांची गाठ पाकिस्तानच्या स्टारफायटरशी पडली. ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाचं, यांचं त्याच्या निम्म्यालाही जेमतेम पोचणारं. तरी देवय्यांनी ते पाडलं. स्वतः परत आले नाहीत. नेमकं काय घडलं हे उमगायला वर्षं गेली. महावीरचक्र मिळालं 1988 मध्ये.

आता दसॉंची दुसरी बाजू. ते खासदार होते, वर्षानुवर्षं. विमानं विकत घेणारं सरकार, त्या सरकारच्या संसदेत विकणारा बसलेला. आपल्याकडे यावरून किती गदारोळ झाला असता! तिकडेही झाला. मिराज तर वंशभेदी दक्षिण आफ्रिकेलाही गेली. हे सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही.

लष्करी गिऱ्हाईक लहरी, हे 1918 पासून ठाऊक असल्यामुळे त्यांनी छोटं व्यावसायिक जेट काढलं. 4 मे 1963 ला बोर्दोजवळ उडालेलं हेच पुढचं ‘फाल्कन 20’. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीतर्फे ते पारखायला आलेल्यांत खुद्द चार्ल्स लिंडबर्ग होते, अटलांटिक एकट्याने ओलांडणारे. त्यांना पसंत पडलं, पॅन ॲमने 40 मागवली. दहा वर्षांनी, 17 एप्रिल 1973 च्या रात्री, फेडरल एक्सप्रेस नावाच्या नव्या कुरिअर कंपनीने 14 फाल्कन घेऊन धंदा उघडला. पहिल्या रात्री 186 पार्सलं.

मोठं प्रवासी विमान मात्र साधलं नाही. ‘मर्क्यूर’ 1971 मध्ये उडालं. उत्तम विमान, पल्ला तोकडा. फ्रान्समधल्याच एका कंपनीने दहा घेतली, तेवढीच. सुताराने सुबक पलंग करावा आणि तो कुणाच्याच खोलीत मावू नये, तसं झालं.

17 एप्रिल 1986. मार्सेल दसॉ गेले, वय 94. शेवटपर्यंत नव्या विमानाचे नकाशे बघत होते. ते विमान 4 जुलैला उडालं. नाव ‘राफेल’, वाऱ्याचा झोत.

(पडद्यावर : पॅरिसजवळचं ल बुर्जे. विमान संग्रहालयातलं स्पॅड, त्याचा लाकडी पंखा जवळून.)

गीनमेरचं स्पॅड आज इथे आहे. याच ल बुर्जेच्या मैदानावर जगातलं मोठं विमान प्रदर्शन भरतं. जून 2025 च्या प्रदर्शनात दसॉ कंपनीने जाहीर केलं, की फाल्कन 2000 हे जेट पहिल्यांदाच फ्रान्सबाहेर जुळवलं जाईल. कुठे? नागपुरात, मिहानमध्ये. 2017 मध्ये तिथे कारखान्याची पायाभरणी झाली, रिलायन्सच्या भागीदारीत. फाल्कनचे भाग तिथे त्यानंतर बनू लागले. पुरं विमान 2028 साली उडावं, असं ठरलंय.

(पडद्यावर : मिहानकडे वळणारा रस्ता, दुपारचं ऊन. कंपनीच्या पाटीवर चार पानांचं क्लोव्हर.)