बसलेला आवाज, भरलेली छाती

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या फोंडा तालुक्यात श्रावण लागला की देवळादेवळांत भजनी सप्ताहाची तयारी सुरू होते. मी बावीस वर्षे महिला भजनी मंडळात गाते, आणि त्याहून अधिक वर्षे मला दमा आहे. डॉक्टर त्याला गंभीर दमा म्हणतात. मोठ्या मात्रेचा पंप नीट पद्धतीने, रोज, न चुकवता घेऊनही जो पुरता आटोक्यात येत नाही, तो. पण तीन वर्षांपूर्वी मी तो न चुकवता घेतच नव्हते. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

कारण होते आवाज. रोजच्या पंपात स्टेरॉइड असते. ते छातीत जाता जाता थोडे तोंडात आणि घशात बसते, थोडे स्वरयंत्रावर. माझ्या जिभेवर पांढरा थर येऊ लागला आणि आवाज घोगरा झाला. गवळण म्हणताना वरचा षड्ज लावायला जावे तर तो फुटायचा. मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "माई, सोड तो पंप. त्याची सवय लागते." पंपाची तशी सवय लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण मला जे ऐकायचे होते तेच ती बोलली. मी आधी सकाळचा पंप सोडला, मग रात्रीचाही. काही दिवसांनी आवाज मोकळा झाला. सप्ताहात मनासारखी गायले. डॉक्टरांना मात्र एका शब्दाने सांगितले नाही.

मग चवथीची साफसफाई आली. पावसाने ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी पुसली, गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट खाली काढली, माळ्यावरची धूळ झटकली. संध्याकाळी धाप लागली. तात्पुरता आराम देणारा निळा पंप पुन्हा पुन्हा घेतला. हात थरथरू लागले, काळीज धडधडू लागले, पण छाती सुटेना. एक वाक्य पुरे बोलता येईना. मुलाने १०८ ला फोन केला आणि मला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले.

घरी आले ती प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन. त्या उपचारांनी माझा जीव वाचला, हे आधी सांगते. पण त्या दिवसांत मी रात्री दोन वाजता उठून भांडी घासत होते. पेज पिऊन तासाभरात पुन्हा भूक. सूनबाईवर विनाकारण ओरडले, मग रडले. रक्तातली साखर वाढली. पुढे डॉक्टरांनी सांगितले की ही गोळी सकाळी, पोटात काही घालून घ्यावी, म्हणजे झोपेला त्रास कमी होतो.

तेव्हा माझी चूक मला दिसली. पंप तोलताना मी एका पारड्यात त्याचा दुष्परिणाम टाकला आणि दुसऱ्या पारड्यात काहीच ठेवले नाही. तिथे दमा होता. आणि पंप सोडल्यावर जी गोळी घ्यावी लागणार होती, तीसुद्धा तिथेच होती.

जरा हिशेब करू. पंपाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. औषधे वेगळी, त्यांची ताकद वेगळी, म्हणून सरळ भागाकार करता येत नाही. पण पंपाचे औषध मुख्यतः छातीत काम करते, गोळी सगळ्या अंगात फिरते. रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, म्हणजे २०० मिलिग्रॅम. वर्षात चार वेळा अशी पाळी आली की ८०० झाले. आणि आयुष्यभरात मिळून अर्धा ते एक ग्रॅम एवढ्या मात्रेपासूनच हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, मधुमेह यांचा धोका वाढू लागतो, असे अभ्यासांत दिसले आहे. 'फक्त पाच दिवसांच्या गोळ्या' असे आपण म्हणतो, पण त्या पाच-पाच दिवसांची बेरीज कुणी ठेवत नाही. निळ्या पंपाचेही तसेच. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप वर्षाला संपत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ज्यांची स्टेरॉइडची गोळी कित्येक आठवडे रोज चालू आहे, त्यांनी माझे हे बोलणे ऐकून ती एकदम थांबवू नये. तेवढ्या काळात शरीर स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे अंगातले नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे कमी करते. गोळी अचानक तोडली तर माणूस कोसळू शकतो. ती डॉक्टरांच्याच सांगण्याने हळूहळू उतरवायची असते.

माझ्या आवाजाचे काय झाले? शेवटी मी डॉक्टरांना खरे सांगितले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी मला त्यांच्यासमोर पंप घ्यायला लावला. मग पावडरचा पंप बदलून फवाऱ्याचा दिला, त्याला स्पेसर, म्हणजे फवारा आधी साठवून मग ओढून घ्यायची पोकळ नळी, जोडला, आणि प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंकायला सांगितले. जिभेवरचा थर गेला, घोगरेपणा बराच उतरला. वरचा षड्ज अजून पूर्वीसारखा लागत नाही, म्हणून आम्ही पट्टी एक सुराने खाली घेतली. पेटीवाल्या वहिनींनी कुरकुर न करता घेतली.

माझ्या भाच्याला माँटेलुकास्ट या दम्यावरच्या गोळीने भयानक स्वप्ने पडत. पोरगा रात्री दचकून उठायचा आणि घरचे दृष्ट काढायचे. या गोळीने मनावर परिणाम होऊ शकतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये घातली. त्याच्या आईने डॉक्टरांना सांगितले, गोळी बदलली आणि स्वप्ने थांबली.

आता माझ्यापुढे इंजेक्शनचा प्रश्न आहे. माझ्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त आहेत, आणि अशा दम्यासाठी मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी त्वचेखाली देतात. गोळ्यांची पाळी त्याने कमी येऊ शकते. डोके दुखणे, टोचल्या जागी दुखणे, क्वचित तीव्र ॲलर्जी हे त्याचे त्रास. आणि खर्च मोठा. मी एक वही केली आहे. कोणते औषध, कधी, काय त्रास झाला, रात्री किती वेळा जाग आली, सगळे तीत लिहिते. पुढच्या भेटीसाठी आज तीत दोन प्रश्न उतरवले आहेत: इंजेक्शन लागू पडते की नाही हे किती महिन्यांत कळेल? आणि नाही पडले, तर मग काय?