मी दाबलं होतं की!

मंडळी, विषय ठरलाय जॅममधल्या, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम करायच्या उपक्रमातल्या, साध्या गेमला अभिप्राय कसा द्यावा. तिकडे येतोच, पण आधी माझ्या आत्याबद्दल सांगू द्या.

तुमच्यातल्या बहुतेकांनी एखादा तरी जॅम केलाय, त्यामुळे अपुरी झोप आणि शेवटच्या तासातली अपलोडची धांदल यांचं वर्णन करत बसत नाही. लुडम डेअर नावाचा जॅम २००२ पासून चालू आहे. मी त्यातल्या एकट्याने करायच्या विभागात उतरलो होतो. कोड, चित्रं, आवाज, सगळं ४८ तासांत. गेम अगदी साधा होता. तळं, कमळाची पानं आणि पानावरून आपोआप पुढे सरकणारा बेडूक. कड आली की स्पेस दाबायची, की उडी.

तिथे भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळतात, मजा, नावीन्य, थीम, चित्रं, आवाज यांना वेगवेगळे तारे देतात आणि खाली चार ओळी लिहितात. मला आलेल्या बहुतेक ओळी अशा होत्या: ‘छान आहे. कंट्रोल जरा विचित्र वाटले.’ विचित्र म्हणजे नेमकं काय? तीन संध्याकाळी मी उडीची उंची वरखाली करत बसलो. गुरुत्वाकर्षण बदलून पाहिलं. फरक शून्य.

त्याच आठवड्यात आत्या राहायला आली होती. चष्मा पुसून बसली खेळायला. तिसऱ्या पानावर बेडूक पाण्यात.

‘अरे, मी दाबलं होतं की!’

‘आत्या, उशिरा दाबलंस.’

‘नाही रे, थांब.’ पुन्हा पाण्यात. पुन्हा तेच वाक्य.

पाचव्यांदा ऐकल्यावर मी वाद थांबवला. तिचं बोट आणि पडदा दोन्ही येतील असा मोबाइल धरून रेकॉर्डिंग केलं आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे नेत पाहिलं. बोट खाली गेलं तेव्हा बेडकाचा मागचा पाय चक्क पानावर होता. कोड मात्र पोटाखालचा छोटा चौकोन तपासत होता, आणि तो चौकोन तीन फ्रेम आधीच पानाबाहेर गेला होता. आत्याला जे दिसत होतं ते खरं होतं.

यावरचा उपाय तुम्हाला माहीत आहे, कायोटी टाइम. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा कायोटी कडा संपल्यावरही क्षणभर हवेत धावतो ना, तसं. कड सुटल्यावरही थोडा वेळ उडी मान्य करायची. मी सहा फ्रेम दिल्या. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक दशांश सेकंद. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम घ्या. त्याचं मूळ रूप पिको-८ वर, म्हणजे छोटे गेम करायच्या एका सॉफ्टवेअरवर, चार दिवसांत केलेलं होतं. त्या २०१८ च्या गेममध्ये ही सवलत आहेच, शिवाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेली उडीही तो गेम विसरत नाही.

आत्याला काही न सांगता मी नवीन आवृत्ती उघडून दिली. अकराव्या पानापर्यंत गेली. ‘बघ, बसला की नाही हात!’ म्हणाली. मी मान डोलावली.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगतो.

अभिप्राय देताना काय घडलं ते लिहा. कुठल्या पानावर, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं. ‘मी दाबलं होतं की’ एवढ्या चार शब्दांत हे सगळं होतं. उपाय सुचवायची घाई नको, तो करणारा शोधेल. खेळ सोडलात तर कितव्या प्रयत्नाला सोडलात तेही लिहा. आणि दोन दिवसांच्या गेमकडे गोष्ट, दहा लेव्हल आणि गुणांची यादी मागू नका. त्यातली एकच क्रिया हाताला बरी वाटते का, ते सांगा.

गेम करणाऱ्यांनो, तुम्ही तो दोनशे वेळा खेळलेले असता, म्हणून तुम्हाला सोपा वाटतो. कुठलं बटण दाबायचं ते पहिल्याच पडद्यावर लिहा, वर्णनात लिहिलेलं कोणी वाचत नाही. कोणी खेळत असेल तर समजावू नका.

मागच्या टेबलावर लॅपटॉप ठेवलाय, बेडूक त्यातच आहे. जाताना खेळून जा. मी शेजारी उभा राहीन, बोलणार नाही, फक्त तुमच्या बोटांकडे बघेन.