बोला, तीन मिनिटं आहेत

(दृश्य: संध्याकाळ. सभागृह, समोर माईक, दाराजवळच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या.)

कॅलिफोर्नियातल्या एका स्कूल बोर्डाची सभा. कुठली शाळा बंद करायची, पैसा कशावर खर्च करायचा, हे इथे ठरतं, आणि ठरवणारे लोकांनी निवडून दिलेले असतात. ज्याला बोलायचंय त्याने चिठ्ठीवर विषयाचा क्रमांक लिहून द्यायचा आणि नंबर लागेपर्यंत बसायचं. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर एकच. हिरवा दिवा, पिवळा, लाल.

या सभा खुल्या ठेवणारा ब्राउन कायदा १९५३ चा. नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, निर्णयाआधी लोकांना बोलू द्यायचं, धोरणावर टीका करतो म्हणून कुणाला गप्प बसवायचं नाही. आपल्याकडे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' म्हणत जे उरकून टाकतात, ते तिथे एरवी चालत नाही. पत्रिकेबाहेरच्या विषयावर लोकांनी खुशाल बोलावं, सदस्यांनी मात्र त्यावर चर्चा करायची नाही, निर्णयही घ्यायचा नाही. नियम चांगलाच आहे, पण पहिल्यांदा आलेल्या पालकाला तो ठाऊक नसतो. पोटतिडकीने बोलून झाल्यावर समोरून फक्त 'धन्यवाद' येतं, आणि तो चडफडत घरी जातो.

(दृश्य: माईकपाशी एक बाई, शेजारी दुभाषी.)

इंग्रजी न येणाऱ्याची तर आणखी पंचाईत. एक वाक्य आपण बोलायचं, तेच दुभाष्याने पुन्हा सांगायचं. तीन मिनिटांतली निम्मी तिथेच गेली. म्हणून २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ. हेडफोनवरून सोबतच भाषांतर होत असेल तर ही सवलत नाही, आणि ते रास्तच आहे. तिथल्या फ्रीमॉन्ट शहरात नातवंडं सांभाळायला आलेली आजी मराठीत बोलली, तरी नियम हाच. फक्त दुभाषी कुठून आणायचा, ते ही दुरुस्ती सांगत नाही.

भाषेचं एक वेळ जमेल, घड्याळाचं काय? आपला विषय चौदावा, आणि तो रात्री दहाला निघतो. मूल मांडीवर झोपलेलं, सकाळी सहाची पाळी. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सभा ऑनलाइन झाल्या आणि लोक फोनवरून, भांडी घासता घासता बोलायला लागले. साथ ओसरल्यावर काही बोर्डांनी फोन चालू ठेवला, काहींनी बंद केला. बंद का केला, याचं पटेल असं कारण मला तरी दिसत नाही.

एक वाट मात्र फार कमी जण धरतात. तिथल्या शिक्षण संहितेनुसार, शाळांच्या कारभाराशी थेट संबंध असलेला विषय पालक स्वतः पत्रिकेवर लावून मागू शकतात. त्याची रीत प्रत्येक बोर्डाने ठरवून द्यायची असते. ती मुदतीसकट कार्यालयातून आधीच विचारून घ्यावी. विषय एकदा पत्रिकेवर चढला, की सदस्यांना त्यावर तोंड उघडायला कायद्याची आडकाठी उरत नाही.