ही भिंत काय पेलतेय?

परळ घ्या नाहीतर बोरिवली, दुपारी कुठल्याही बिल्डिंगमध्ये शिरा, कुठल्यातरी मजल्यावर ब्रेकरचा आवाज चालूच असतो. कुणाचं किचन ओपन होतंय, कुणाला बाथरूम मोठं हवंय. आणि परमिशन घेतली का विचारलं की ठरलेलं उत्तर, सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आहे ना!

एनओसी हवीच, पण ती म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे.

आता प्रत्येक कामाला पालिकेत जावं लागतं असंही नाही हं. मुंबई महानगरपालिका कायदा 1888 चा, त्याच्या कलम 342 मध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय. प्लास्टर, रंग, लाद्या बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, इलेक्ट्रिक फिटिंग, हे सगळं परवानगीशिवाय करता येतं. पण बांधकामाचं माप बदललं, पिलर-बीमला किंवा भार घेणाऱ्या भिंतीला हात लावला, जमीन खाली घेतली, की विषय वेगळा. माळासुद्धा! चाळीतल्या खोलीत माळा टाकणं आपल्याला घरचं काम वाटतं, पण कायद्याने ते किरकोळ दुरुस्तीतून चक्क वगळलंय.

आणि भिंत भार घेतेय की नाही हे नुसतं बघून कसं कळणार? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बिल्डिंगमध्ये मधली साडेचार इंची विटांची भिंत बहुतेक वेळा नुसतं पार्टिशन असते, वजन पिलर आणि बीमवर. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत मात्र वरचा मजला कितीतरी ठिकाणी भिंतींवर आणि लाकडी खांबांवरच उभा असतो. नवीन टॉवरमध्ये आणखी वेगळं, मायवान शटरिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती, आख्खं काँक्रीट, आत सळ्या, साधा खिळा मारला तरी वाकतो. तिथे दरवाजा फूटभर रुंद करायला भिंत कापली म्हणजे इमारतीचा सांगाडाच कापला.

मिस्त्री भिंतीवर टकटक करतो आणि सांगतो, पार्टिशन आहे, काढा बिनधास्त. त्याच्या हातातल्या कसबाला मान आहेच, पण मूळ आरसीसी ड्रॉइंग बघून हे सांगायचं काम लायसन्सवाल्या स्ट्रक्चरल इंजिनियरचं आहे.

25 जुलै 2017, घाटकोपर पश्चिम, सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर रिनोव्हेशन चालू होतं आणि त्यात पिलरना धक्का लावला असा रहिवाशांचा आरोप होता. वर राहणाऱ्यांचा, घरात बसलेल्या माणसांचा त्या कामाशी काय संबंध होता हो? म्हणून परवानगी ही फक्त आपल्या चार भिंतींपुरती गोष्ट नाही.

मोठं काम असेल तर आर्किटेक्टकडून प्लॅन करून घ्या आणि आपल्या वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात आधी विचारा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळही आलं. विनापरवाना काम चालू दिसलं तर त्याच कायद्याच्या कलम 354अ खाली ते थांबवायची नोटीस येते, झालेलं बांधकाम पाडायचीही वेळ येऊ शकते.

बिल्डिंग 30 वर्षांच्या वर गेली असेल तर कलम 353ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायलाच हवं. सेक्रेटरीकडून तो रिपोर्ट मागून घ्या, कुठल्या बीमला तडे आहेत, कुठल्या पिलरची सळी गंजलीय ते त्यात असतं, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या हातात ॲडव्हान्स ठेवायच्या आधी ती पानं इंजिनियरला दाखवा.