रात्रीचं टोकियो आणि रस्त्यात हाक मारणारी माणसं

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? डिसेंबर लागलाय, टोकियोत थंडी पडलीय, आणि ऑफिसा-ऑफिसात बोनेनकाई सुरू झाल्यात, म्हणजे वर्ष संपतानाच्या पार्ट्या. त्यामुळे आज विषय घेतलाय रात्रीचा. जपानमधे रात्री बाहेर पडायचं, इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात, बसायचं, कॅराओके करायचं, एखाद्या छोट्या बारमधे दोन घोट घ्यायचे, त्याबद्दल. घरी आईबाबा ऐकत असतील तर त्यांनी रेडिओ बंद करू नका, उलट नीट ऐका, कारण पोरं इकडं यायला निघतात तेव्हा आपण बॅगेत भाकरवडी भरतो, मेतकूट भरतो, पण या गोष्टी त्यांना कुणीच सांगत नाही.

गेल्या महिन्यात दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी निशी-कासाईला बरीच मुलं जमली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डातला हा भाग, इथं आपली भारतीय माणसं खूप राहतात, मराठीही खूप. फराळ झाला, सगळे गेले, एक मुलगा मागं राहिला, पुण्याहून प्रोजेक्टवर आलेला, भांडी विसळू लागला माझ्यासोबत, आणि विसळता विसळता म्हणाला, ताई एक सांगायचं होतं, कुणाला बोललो नाहीये.

एप्रिलमधली गोष्ट. तो आणि त्याचा एक मित्र शुक्रवारी रात्री काबुकिचो बघायला गेले होते. शिंजुकु स्टेशनजवळचा बार-क्लबांचा भाग, तो लाल दिव्यांचा दरवाजा, थिएटरच्या बिल्डिंगवरून डोकावणारं गॉडझिलाचं डोकं, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. दोघं फोटो काढत उभे होते तर एक माणूस आला, हसतमुख, चांगले कपडे, नमस्ते म्हणाला, इंडिया का म्हणाला, आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलं, दोन तास हवं तेवढं प्या, तीन हजार येन. इतका गोड बोलला की नाही म्हणायला यांना अवघड वाटलं. पाचव्या मजल्यावरचा बार, चिंचोळी लिफ्ट. आत बसल्यावर दोन मुली शेजारी येऊन बसल्या, त्यांनीही ड्रिंक मागवले. तासाभराने बिल आलं ९६ हजार येन. बसण्याचे वेगळे, त्या मुलींच्या ड्रिंकचे वेगळे, वीकेंडचे वेगळे, वर सर्व्हिस, वर टॅक्स. आणि दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला, बोलला काहीच नाही, नुसता उभा. दोघांनी निम्मे निम्मे कार्डवर दिले, म्हणजे एकेकाचे पंचवीस हजार रुपयांच्या वर गेले, आणि दोघं स्टेशनपर्यंत एक शब्द न बोलता चालत आले.

मला पैशांचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट कशाचं वाटलं सांगू का, एप्रिल ते दिवाळी हा मुलगा ते एकटा मनात घेऊन फिरत होता. ऑफिसात कळलं तर, घरी कळलं तर, बायका असलेल्या बारमधे गेला होतास का असं कुणी विचारलं तर. मंडळी, हा धंदा चालतो तो नेमका या लाजेवर. त्या लोकांना पक्कं माहीत असतं की हा परका माणूस आहे, याला भाषा येत नाही, याला व्हिसाची काळजी आहे, हा पोलिसात जाणार नाही, घरी तर अजिबात सांगणार नाही. म्हणून मी आज हे माइकवर मोठ्याने बोलतेय.

जपानीत या लुबाडणुकीला बोत्ताकुरी म्हणतात. म्हणजे फसणारे फक्त आपणच नाही, जपानी माणसंही इतकी फसतात की त्यासाठी खास शब्द आहे, आणि टोकियोत तर २००० साली त्याविरुद्ध वेगळा नियम करावा लागला. आणि रस्त्यात हाक मारून नेणाऱ्याला म्हणतात क्याकुहिकी, शब्दशः गिऱ्हाईक ओढणारा. असं ओढणं बेकायदेशीर आहे. काबुकिचोत तर रस्त्यावर स्पीकर लावलेत, त्यावरून इंग्रजीतसुद्धा सतत सांगत असतात की यांच्या मागं जाऊ नका, पण आपण त्या झगमगाटात ऐकतो कुठे.

मी इथं अकरा वर्षं राहतेय आणि माझा एकच नियम आहे, रस्त्यात हाक मारणाऱ्याच्या मागं जायचं नाही. कधीच नाही, कितीही चांगला वाटला तरी नाही, साध्या जेवणाच्या हॉटेलात नेतो म्हणाला तरी नाही. तुम्ही एखादं ठिकाण शोधत असाल तर तो म्हणेल ते आज फुल आहे, आमचंच दुसरं दुकान आहे इकडे चला. फुल आहे का ते स्वतः दारापर्यंत जाऊन बघा. आणि अजून एक, आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की कुणी बोललं तर उत्तर द्यावं, तोंड फिरवू नये. इथं फिरवा. थांबू नका, कुठले आहात ते सांगू नका, चालत रहा, अगदीच बोलायचं असेल तर "केक्कोऽ देस", म्हणजे नको, एवढं म्हणून पुढे. टोकियोतच रोप्पोंगीत हेच, ओसाकात नांबाला हेच, साप्पोरोत सुसुकिनोला हेच, आणि फुकुओकात नाकासुला पण हेच.

आता तो हाक मारणारा रस्त्यातच भेटतो असंही नाही राहिलं. डेटिंग अॅपवर ओळख होते, मुलगी छान बोलते, पहिल्याच भेटीत म्हणते मला एक बार माहितीये, तिथंच जाऊया. बार तिनं ठरवलेला, बिल तुमचं. पहिली भेट तुम्ही ठरवलेल्या ठिकाणी करा, साध्या कॉफीच्या दुकानात. ती नाहीच म्हणत असेल तर त्यातच काय ते कळलं.

पण प्रत्येक जास्तीचा आकडा म्हणजे फसवणूक असं पण नका समजू, कारण मग उगाच चांगल्या माणसांशी भांडण होतं. इझाकायात बसलात की न मागता एक छोटी वाटी येते, कधी उकडलेली भाजी, कधी मासा, तिला ओतोओशी म्हणतात, ओसाकाकडं त्सुकिदाशी म्हणतात, तिचे साधारण तीनशे ते पाचशे येन लागतात आणि ती बसण्याचीच किंमत आहे असं समजा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचा रस्सा असतो. गोल्डन गाई म्हणून काबुकिचोला लागूनच एक गल्ल्यांचा भाग आहे, दोनशेच्या वर छोटे छोटे बार, एकेकात सात-आठ माणसं जेमतेम मावतात, तिथंही बऱ्याच ठिकाणी बसण्याचा चार्ज असतो, पण तो दाराबाहेर लिहिलेला असतो. तेच बघायचं. आकडा बाहेर लिहिलाय का, आत मेन्यूवर किमती आहेत का, नसतील तर बसायच्या आधी विचारायचं "चाऽजी वा इकुरा देस का", चार्ज किती. चांगला मालक लगेच बोटं दाखवून सांगतो. जो टाळतो त्याच्याकडे बसायचं नाही. आणि टिप द्यायची नाही कुणाला, इथं ती पद्धत नाही.

माझ्या स्टेशनजवळ एक सहा खुर्च्यांचा बार आहे, सत्तरीतल्या बाई चालवतात, सगळे त्यांना मामा म्हणतात, इथं बार चालवणाऱ्या बाईला मामाच म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी आधी कागदावर आकडा लिहून दाखवला, मग ग्लास ठेवला, आणि मग तासभर मला त्यांच्या गावच्या बर्फाबद्दल सांगत बसल्या, मला निम्मं कळलं असेल. जपानची रात्र ही पण आहे आणि जास्त करून हीच आहे. ती चुकवू नका घाबरून.

बरं, अडकलात तर काय. बिल आलं, आकडा भलताच आहे. हातापायीवर यायचं नाही, आवाज चढवायचा नाही. सोबत एक माणूस देतो, एटीएमपर्यंत जाऊन पैसे काढून आणा म्हणाले तर त्यांच्यासोबत जायचं नाही, कशावर सही करायची नाही. बिलाचा फोटो काढायचा आणि तिथंच त्यांच्यासमोर ११० लावायचा, पोलिसांचा नंबर. जपानी येत नसलं तरी लावा, दुभाष्या जोडून देतात. किंवा म्हणायचं, चला सगळे मिळून कोबानला जाऊ. कोबान म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी. आता खरं सांगते, पैशाचा वाद असेल तर पोलीस लगेच तुमच्या बाजूने निकाल देतील असं नाही, हा तुमचा आपसातला व्यवहार आहे असंही म्हणतात कधीकधी, पण त्या बंद खोलीतून तुम्ही उजेडात येता, आणि दाराशी उभा असलेला तो माणूस पोलिसांसमोर तसा उभा राहत नाही. कार्डवर पैसे गेलेच असतील तर त्याच रात्री बँकेला फोन करा, तक्रार नोंदवा, सकाळची वाट बघू नका.

ग्लासचं सांगायचं राहिलं. बाथरूमला जाऊन आलात की आधीचा ग्लास परत तोंडाला लावायचा नाही, नवीन घ्या. रोप्पोंगी आणि काबुकिचोबद्दल अमेरिकन दूतावासानं आपल्या लोकांना कितीदा सांगितलंय की ड्रिंकमधे काहीतरी घालतात, माणूस बेशुद्ध पडतो आणि कार्डवरून पैसे काढले जातात. म्हणून बाहेर पडताना एकच कार्ड घ्या, बाकीची रूमवर. आणि आपल्या भारतीय बँकांच्या अॅपमधे परदेशातल्या खर्चाची लिमिट ठरवता येते ना, ती निघायच्या आधी कमी करून ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

कायद्याचं थोडं सांगते, कारण इथं आपली चूक झाली तर भारी पडते. फिरायला आलात तर पासपोर्ट खिशात ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, फोनमधला फोटो चालत नाही, इथं राहत असाल तर झाइर्‍यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र. दारू वीस वर्षं पूर्ण झाल्यावरच, सज्ञान वय अठरा झालं तरी दारूचं वीसच आहे. शिबुयात स्टेशनच्या आसपास ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर प्यायला मनाई आहे. पिऊन सायकल चालवली तरी नोव्हेंबर २०२४ पासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी माहीत असून बसलात तर तुम्हीही त्यात येता. गांजाच्या तर वाऱ्याला उभं राहू नका, आता जवळ बाळगणंच नाही तर ओढणंसुद्धा गुन्हा आहे. आणि इथं अटक झाली की खटला भरायच्या आधीच तेवीस दिवसांपर्यंत आत ठेवू शकतात. तेवीस दिवस ऑफिसला काय सांगणार, आईला काय सांगणार.

मुलींनो, तुमच्यासाठी. मी इथं रात्री अकराला एकटी घरी येते आणि बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरंय. पण गर्दीच्या ट्रेनमधे अंगचटीला येणारे आहेत, त्याला चिकान म्हणतात. टोकियो पोलिसांचं डिजी पोलीस नावाचं अॅप आहे, त्यात एक बटण आहे, दाबलं की स्क्रीनवर जपानीत मोठ्या अक्षरात येतं की हा चिकान आहे, मला मदत करा, आणि परत दाबलं की फोन मोठ्याने ओरडतो. आपला आवाज फुटत नाही अशा वेळी, मला माहितीये, म्हणून ते हवं.

आणि पिणं. इक्की इक्की ओरडत एका दमात ग्लास संपवायला लावतात, बॉससुद्धा असतो कधीकधी त्यात. नाही म्हणता येतं, उलोंगचा चहा मागवा, कुणी काही म्हणत नाही. कुणी आडवा झाला, हाक मारून उठत नाहीये, तर झोपू दे म्हणून सोडून जाऊ नका, कुशीवर वळवा आणि ११९ लावा. अॅम्ब्युलन्स येण्याचे पैसे लागत नाहीत, हॉस्पिटलचे लागतात. प्रवाशांसाठी जपान टुरिझमची चोवीस तासांची इंग्रजी हेल्पलाइन आहे, लिहून घ्या, ०५०-३८१६-२७८७.

शेवटच्या ट्रेनचं बघा, बारा-साडेबाराला सगळं बंद होतं आणि मग पहाटे पाचच्या आसपासच सुरू होतं. त्या मधल्या वेळात माणूस थकलेला, प्यायलेला, थंडीत उभा, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन म्हणतं चला आत बसा, गरम आहे. शिंजुकुहून आमच्या निशी-कासाईला टॅक्सी आठेक हजार येन तरी घेते, रात्री दहानंतर वीस टक्के जास्त. ट्रेन चुकलीच तर स्टेशनजवळच्या मोठ्या चेनच्या मांगा कॅफेत, म्हणजे कॉमिक्स वाचत बसायच्या जागेत, दोन-तीन हजार येनमधे रात्र निघते.

तर तो भांडी विसळणारा मुलगा. त्या रात्री त्यानं मला विचारलं, ताई, माझ्या मित्रानं अजून बायकोला सांगितलेलं नाही, त्याला काय सांगू. मी म्हटलं त्याला घेऊन ये घरी, आधी जेवा. दोघं आले पुढच्या रविवारी, पिठलं-भात खाल्ला, आणि मित्रानं तिथूनच घरी फोन लावला. ती काही ओरडली नाही, तुला मारलं तर नाही ना एवढंच तीनदा विचारलं.

गेल्या शुक्रवारी हे दोघं नव्या आलेल्या तीन मुलांना घेऊन शिंजुकुला गेले होते. दारावर किमती लिहिलेल्या एका याकितोरीच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या चिकनच्या, दुकानातून मला फोटो आला, पाचही जण हसतायत. मग ११:५२ ला मेसेज आला, कुदानशिता स्टेशनला गाडी बदलली ताई, पाचही जण आहोत.