डिस्क दिसत नाही? फॉरमॅट राहू द्या, आधी बायोस उघडा

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर बाजूचा पत्रा काढलेलं कॅबिनेट.]

काळा स्क्रीन आणि त्यावर एकच ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. रात्री चांगला बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी डिस्क ओळखायलाच तयार नाही. दुकानात नेलात तर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, ‘डिस्क उडाली’. दुसरं, ‘फॉरमॅट मारावा लागेल’. आता जी डिस्क दिसतच नाही ती फॉरमॅट कशी करणार, हे विचारून बघा एकदा.

तर पहिला प्रश्न एवढाच: डिस्क बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामला, दिसते का? बाकी सगळं याच्या उत्तरावर ठरतं.

कॉम्प्युटर चालू करा आणि लगेच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा. बायोस उघडला की थेट बूटच्या (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या) यादीत जाऊ नका. ती यादी फसवी असते, का ते पुढे सांगतो. साटा कॉन्फिगरेशन, स्टोरेज किंवा एनव्हीएमई कॉन्फिगरेशन अशा नावाचं पान शोधा (साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडायच्या दोन पद्धती). तिथे प्रत्येक पोर्टचा नंबर असतो आणि समोर डिस्कचं मॉडेल, नाहीतर ‘एम्प्टी’ किंवा ‘नॉट प्रेझेंट’.

इथे नाव नसेल तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. ड्रायव्हर, व्हायरस, पार्टिशन, सगळं विसरा आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. नाव असेल तर कॅबिनेट उघडायची घाई करू नका.

[कॅबिनेटकडे वळून.]

समजा नाव नाही. भिंतीवरचं बटण बंद करा, एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याचं, मागचं बटण शून्याकडे करा, वायर काढा आणि समोरचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल.

साटा डिस्कला दोन जोडण्या असतात. अरुंद ती डेटाची, ७ पिनांची. रुंद ती पॉवरची, १५ पिनांची. दोन्ही काढा आणि पुन्हा सरळ दाबून बसवा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यानंतर बऱ्याचदा एवढ्यानेच डिस्क परत दिसते, कारण दमट हवेत पिनांवर थर धरतो आणि काढ-घाल करताना तो खरवडला जातो. डिस्कच्या बाजूची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसली तर आणखी चांगलं. पाणी किंवा अत्तर नको.

[क्लोज-अप: डेटा केबलचं टोक.]

हे बघा. या टोकाला धातूची बारीक पट्टी आहे, ती ‘टक्’ करून अडकते. ही स्वस्तातली दुसरी केबल, हिला पट्टीच नाही. पंख्याच्या थरथरीने, कॅबिनेट सरकवल्याने ही केसभर बाहेर येते. वरून बघितलं तर बसलेलीच वाटते. केबल बदला, आणि बदलताना पोर्टही बदला. काही बोर्डांवर चार-सहा पोर्ट चिपसेटचे, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपचे, असतात आणि एक-दोन वेगळ्या कंट्रोलरचे. तपासणीसाठी डिस्क नेहमी सगळ्यात लहान नंबरच्या पोर्टवर लावा.

आता पॉवर. कॉम्प्युटर चालू करून ३.५ इंची हार्ड डिस्कच्या कडेला बोट टेकवा. चालू होताच आत चकती फिरायला लागल्याची बारीक थरथर जाणवली पाहिजे. थरथर नाही म्हणजे डिस्कला वीज पोहोचत नाही किंवा तिची मोटर वा सर्किट गेलंय. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते; २.५ इंची एसएसडीचं (फिरत्या चकतीऐवजी चिप असलेल्या डिस्कचं) काम साधारण ५ व्होल्टवरच भागतं. एकाच वायरीवर दोन्ही लावल्या आहेत, एसएसडी दिसते पण हार्ड डिस्क फिरत नाही, तर त्या वायरीतली पिवळी तार किंवा तिची पिन बघा. अख्ख्या एसएमपीएसचे १२ व्होल्ट गेले असते तर कॉम्प्युटरच चालू झाला नसता.

मल्टीमीटर असेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवर मोजणं सोपं. पिवळी ते काळी १२ व्होल्ट, लाल ते काळी ५ व्होल्ट. ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. याच्या बाहेर असेल तर नवीन डिस्क आणू नका. तो एसएमपीएस तिलाही खाईल.

पॉवरच्या बाबतीत सगळ्यात महाग चूक वेगळीच आहे, तिच्यावर जरा थांबतो. मॉड्युलर एसएमपीएस असतो ना, ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी निघतात? डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कसलंही प्रमाण नाही. एका कंपनीने जिथे ५ व्होल्ट दिलेत तिथेच दुसऱ्या कंपनीने १२ दिलेले असू शकतात, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. खटका बसतो, प्लग शोभून दिसतो, बटण दाबलं की डिस्क जळते. एसएमपीएस बदलताना ‘जुन्या केबल आहेतच ओढलेल्या, राहू देत’ असं म्हणालात की एका दिवसात घरातल्या सगळ्या डिस्क गेल्याच म्हणून समजा. नव्या एसएमपीएससोबत नव्या खोक्यातल्याच केबल लावा. आणि विशिष्ट डिस्क लावली की कॉम्प्युटर चालूच होत नसेल, काढली की होत असेल, तर त्या डिस्कच्या सर्किटवर शॉर्ट आहे. बऱ्याचदा तो जादा व्होल्टेज अडवणाऱ्या डायोडचा असतो आणि डेटा शाबूत असतो.

बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली मोठी हार्ड डिस्क आत लावलीत आणि ती हूं की चूं करत नाही? ती मेलेली नसेल. साटाच्या ३.३ या आवृत्तीत पॉवरच्या तिसऱ्या पिनेला ‘डिस्क बंद ठेव’ हे काम दिलं गेलं, आणि जुना एसएमपीएस त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सोडतो. मोलेक्समधून साटा करणारा अडॅप्टर लावला की ती फिरते, कारण मोलेक्सला ३.३ व्होल्टची तारच नसते. अडॅप्टर मात्र असा घ्या ज्यात एकेक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते. प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अडॅप्टर आत शॉर्ट होऊन पेटतात.

[हातात एम.२ एसएसडी.]

एम.२ चा, म्हणजे थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या या पट्टीसारख्या एसएसडीचा, घोळ निराळा. चिप तीच दिसते, पण आतून दोन जाती: साटा आणि एनव्हीएमई. फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या स्लॉटमध्ये साटाची चिप घातली तर ती नीट बसते, स्क्रूही लागतो, फक्त दिसत नाही. सोनेरी कडेला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एक असेल तर बहुधा एनव्हीएमई. पण खाचांवर विसंबू नका, मॉडेल नंबर शोधून खात्री करा. बसवताना ती साधारण ३० अंश तिरकी आत जाते आणि मग दाबून स्क्रू लावायचा. सोनेरी कड बाहेर डोकावत असेल तर ती पूर्ण गेलेली नाही.

आणि हा प्रकार तर हमखास: नवीन एम.२ लावली, ती दिसली, पण जुनी हार्ड डिस्क गायब झाली. कोणीही बिघडलेलं नाही. बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. कोणते, ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात तळटीप म्हणून दिलेलं असतं. हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टवर हलवा, झालं.

[पुन्हा कॅमेऱ्याकडे.]

आता दुसरी बाजू. बायोसमध्ये डिस्कचं नाव आहे, तरी विंडोज सुरू होत नाही.

बायोसमधली तारीख बघा. काही वर्षं मागे गेलीय? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. कॉम्प्युटरला वीज चालू असेपर्यंत हे कळत नाही, कारण तेव्हा घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय करंटवर चालतं. आपण रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो किंवा लोडशेडिंग होतं, आणि सकाळी बायोस सगळी सेटिंग विसरून मूळ पदावर आलेला असतो. मग साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलतो. विंडोज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ मोडमध्ये टाकलेलं होतं, बायोस परतला ‘एएचसीआय’वर, की निळा स्क्रीन येतो: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क ठणठणीत आहे. मोड पूर्वीचा करा, सेव्ह करा, विंडोज उघडेल. सेल बदलताना अधिक चिन्ह वर ठेवा. जुना ३ व्होल्टचा सेल मीटरवर २.८ च्या खाली असेल तर तो राहू देण्यात अर्थ नाही.

बूटची यादी फसवी म्हणालो ते यासाठी. जुनं विंडोज एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या) पद्धतीच्या डिस्कवर असेल आणि बायोस मूळ पदावर येताना सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद झालं असेल, तर ती डिस्क पोर्टांच्या यादीत असते पण बूटच्या यादीत नसते. बोर्डावर सोय असेल तर सीएसएम चालू करा, विंडोज येईल. नंतर, बॅकअप घेऊन, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणाऱ्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करून घ्या.

नवीन विंडोज टाकताना ‘वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज’ असं येतं, ते इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे, बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असल्यावर. डिस्क त्या व्हीएमडीच्या मागे लपलेली असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. इंटेलच्या आरएसटीचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ म्हणा. किंवा व्हीएमडी बंद करा. पण आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर हे बटण उगाच दाबू नका, वर सांगितलेला निळा स्क्रीन तिथेही येतो.

विंडोज चालू आहे आणि फक्त दुसरी डिस्क नाही, तर विंडोज आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. नवी डिस्क असेल तर ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ दिसेल. जीपीटी निवडा, कारण एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. अक्षर नसेल तर राइट क्लिक करून द्या. क्लोन केलेल्या दोन डिस्क एकदम लावल्या असतील तर सह्या (डिस्कचे ओळख क्रमांक) जुळतात म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. राइट क्लिक, ऑनलाइन. पण डेटा असलेली जुनी डिस्क इनिशिअलाइज करू का किंवा फॉरमॅट करू का असं विचारत असेल तर कॅन्सल. दर वेळी कॅन्सल.

डिस्क कधी दिसते कधी नाही, असं असेल तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवा. सी७ म्हणजे सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा, तो केबलचा. केबल बदलल्यावर तो कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. ०५, सी५ आणि सी६ (खराब जागांचे आकडे) वाढत असतील तर मात्र दोष डिस्कच्या पृष्ठभागाचा, आणि आजच कॉपी घ्यायची. हे आकडे तिथे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांत मोजलेले, असतात, त्यामुळे १० म्हणजे १६ हे ध्यानात ठेवा.

[क्लोज-अप: बायोसचं पान.]

शेवटी हे नाव बघा: ‘साटाफर्म एस११’. अशी कुठलीही एसएसडी बाजारात मिळत नाही. फायसन कंपनीच्या एस११ कंट्रोलरचं (एसएसडी चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्राम, कोसळलं की स्वस्तातल्या अनेक एसएसडी आपलं खरं नाव विसरून हे सांगतात. असं फर्मवेअर अडकणं नवीन नाही, सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ डिस्कवर एसडी१५ फर्मवेअरने २००८-०९ मध्ये हेच केलं होतं: चकत्या चांगल्या आणि बायोसला डिस्क दिसत नाही. साटाफर्म दिसलं की फर्मवेअर पुन्हा भरणारी साधनं नेटवर मिळतात, ती डेटा पुसून टाकतात. वॉरंटीत एसएसडी नवी मिळते, आतले फोटो मिळत नाहीत.

वीज अचानक गेल्यावर गायब झालेल्या एसएसडीला मात्र एक संधी द्या. डेटा केबल काढा, फक्त पॉवर लावून २० मिनिटं चालू ठेवा, बंद करून ३० सेकंद थांबा, पुन्हा २० मिनिटं. मग डेटा केबल लावा.

आणि हार्ड डिस्क ‘टक्-टक्-टक्’ करून थांबत असेल तर वरचं काहीच करू नका. तो डोक्याचा, म्हणजे वाचणाऱ्या हेडचा आवाज आहे आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर चकतीवर ओरखडा पडू शकतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, झाकण उघडू नका. दुसऱ्या डिस्कची सर्किट प्लेट लावूनही सहसा जमत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्याच प्लेटवरच्या चिपमध्ये साठवलेली असतात. वायर काढा आणि रिकव्हरीवाल्याला फोन करा. डिस्क सोपवण्याआधी विचारा: डेटा नाही मिळाला तर पैसे किती, आणि डिस्क उघडायला तुमच्याकडे क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) आहे का?