तीन ब्रास माती

(टिकाव जमिनीत बसतो. पहिले चार-पाच घाव नुसता आवाज.)

जुळे सोलापूर. सकाळचे साडेसात वाजलेत, मार्च संपत आलाय. या भेगा बघा, मनगटापर्यंत हात जातो आत.

घर एका निवृत्त सुभेदारांचं. फौजेत असताना छावणीतल्या मैदानावर त्यांना गोल्फची गोडी लागली, ती सुटली नाही. घरामागं २० फूट लांब आणि १० फूट रुंद जागा आहे. तिथं त्यांना पटिंग ग्रीन हवंय. चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा असतो ना, तो शेवटचा गुळगुळीत तुकडा. खरं गवत लावून झालं होतं. पण उजनीचं पाणी नळाला येणार काही दिवसांआड. पिंपातलं पाणी गवताला घालायचं की घरात वापरायचं, हा वाद मे महिन्यानं मिटवला. म्हणून आता कृत्रिम गवत.

गवताचे रोल तिकडं भिंतीला टेकून उभे आहेत. राहू द्या तिथंच, त्यांची पाळी शेवटी येणार. सगळं काम खाली आहे.

(मिस्त्री उकिडवे बसून ढेकूळ फोडतात.)

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. इथल्या कंपाउंडच्या भिंतींना तिरके तडे दिसतात, त्यातले बरेच हिच्यामुळं. मिस्त्रींचं म्हणणं सरळ आहे. "ह्याच्यावर डायरेक्ट अंथरलं की पावसाळ्यात फुगवटा, उन्हाळ्यात खड्डा. मग चेंडू कुठं जाईल ते चेंडूलाच म्हायती."

म्हणून दीड फूट खणायचं. २० गुणिले १० गुणिले दीड, म्हणजे ३०० घनफूट. गवंड्याच्या हिशेबात ३ ब्रास. दोन बिगारी, दोन घमेली, आणि दिवसभर हीच ये-जा.

तळाला जाड पांढरं कापड. वरचा मुरूम खालच्या मातीत मिसळू नये, एवढंच त्याचं काम. मग मुरूम, पण एकदम नाही. ४ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमसानं ठोकून दाबायचं. परत ४ इंच. असे तीन थर. मुरूम आला तेव्हा आमचा कॅमेरा तिथं नव्हता, पण तिसऱ्या थराचं हे दृश्य आहे. आवाज ऐका. सुरुवातीला धुमस 'धप्प' वाजतो, माती दबली की 'ठक्क'. मिस्त्री आवाजावरून थांबायला सांगतात. मोजपट्टी लावून बघितली नाही, मला तरी गरज वाटली नाही.

वर ४ इंच खडी, तिच्यावर २ इंच कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा. आणि इथं खरी कलाकुसर सुरू होते.

(पारदर्शक नळी. दोन टोकांना पाण्याची पातळी.)

लेव्हलची नळी. आत पाणी, दोन टोकांना दोन माणसं. पाणी खोटं बोलत नाही, पण इथं सपाट जमीन नकोच आहे. पाणी निघून जावं म्हणून २० फुटांत अडीच इंचांचा ढाळ द्यायचा, आणि मधे एक हलकीशी चढण, चेंडू वळला पाहिजे म्हणून. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कचावरून सरकते. हात थांबतो, मूठभर कच टाकतो, परत सरकते. हे दृश्य आम्ही कापलेलं नाही.

आता भोक. मिस्त्री ड्रेनेजचा ११० मिलिमीटरचा पाईप घेऊन आले. माप जवळपास बरोबर, पण ते बाहेरचं माप. आतून पाईप कमी भरतो. सुभेदारांनी मान हलवली. भोक सव्वाचार इंचांचं, म्हणजे १०८ मिलिमीटरच हवं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबनं १८९१ मध्ये हे माप नियमात आणलं, आणि जुळे सोलापुरातही ते चालतं. शेवटी तयार कप मागवला आणि काँक्रीटमध्ये बसवला.

(रोल उलगडतो. जवळून: हाताचा तळवा गवतावर.)

रोल उलगडला, सांधा कुठं येणार ते ठरलं, आणि एक बिगारी म्हणाला, "थांबा की. हे उलटं आलंय." तो आधी टॉवेलच्या कारखान्यात होता. तळवा एकदा पुढं फिरवला, एकदा मागं. एका बाजूला लव गुळगुळीत, दुसरीकडून टोचते. दोन्ही पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर सांध्यापाशी रंग बदललेला दिसतो आणि चेंडूही वेगळा पळतो. पट्टी फिरवली. रोलसोबत आलेल्या कागदावर हे सगळं छापलेलं होतं, पण तो कोणी वाचला नव्हता.

मग कोरडी सिलिका वाळू, आणि ब्रश. जेमतेम १५ मिलिमीटरच्या लवेत वाळू उतरते, गवत जड होऊन बसतं.

या सगळ्या कामात घरातल्या काकूंचा कढीपत्ता गेला. एप्रिल-मेच्या दुपारी या प्लास्टिकवर अनवाणी पाय ठेवता येणार नाही, खेळ सकाळ-संध्याकाळचाच.

(तीन फुटांची पन्हळ. चेंडू घरंगळतो.)

हा सुभेदारांचा घरगुती स्टिम्पमीटर, ग्रीनवर चेंडू किती पळतो ते मोजायचं साधन. मूळ कल्पना १९३५ ची, एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन हौशी गोल्फरची. पन्हळ उचलायची, चेंडू सुटतो, किती फूट गेला ते मोजायचं. टेप बघा: ९ फूट. सुभेदार खूश.

पहिला फटका त्यांचा. चेंडू भोकाच्या उजवीकडून निघून गेला. दुसराही तसाच.

मिस्त्री पायरीवर चहा पीत बसलेत. आयुष्यात त्यांनी पटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, हातात धरलेली नाही.

"साहेब, डावीकडून मारा. ढाळ तिकडनं दिलाय की मी."

(तिसरा फटका. निवेदन नाही.)